नोकरीतील मैत्रिणी आणि मनाचे आरोग्य

केवळ आजार नसणे म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्ही बाबतींत माणूस सुस्थितीत असला पाहिजे, असा विचार जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालीच मांडला. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला मात्र पहाटेचे डबे, लोकलची गर्दी, काउंटरवरची रांग आणि घरी परतल्यावर पुन्हा स्वयंपाक येतो. मनातले बोलायला तिला वेळ मिळतो तो जेवणाच्या सुट्टीतच.

आमच्या शाखेत आम्ही बाराजणी भिशी लावतो. दरमहा प्रत्येकी एक हजार रुपये; जिची चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. "बँकेत काम करता आणि भिशी कशाला?" असे साहेब थट्टेने विचारतात. पण भिशीचा खरा लाभ पैशांत नाहीच. त्या निमित्ताने भेट ठरलेली असते. एखादी गप्प झाली की लगेच लक्षात येते. सासूचे आजारपण, मुलाची दहावी, बदलीची धास्ती ही केवळ आपलीच अडचण नाही हे कळले की मनावरचा अपराधीपणा कमी होतो. शिवाय "तू जा, तुझे काउंटर मी बघते" असे म्हणणारे कोणी असते. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर सुरू झालेल्या महिला विशेष गाडीतही असेच गट जमले. डोहाळजेवणेसुद्धा डब्यातच होऊ लागली.

परंतु गट आधार देतो, तसा दुखावूही शकतो. पतीच्या निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या एका भगिनीला शाखेतील हळदीकुंकवाच्या दिवशी आम्हीच "जरा काउंटर सांभाळा" असे सांगितले होते. तेव्हा आम्हांला त्यात काही गैर वाटले नाही. पुढे अनेक दिवस ती एकटीच डबा खाऊ लागली, तेव्हा आमची चूक उमगली. दुसऱ्या वर्षी हळदीकुंकू बंद करून सर्वांसाठी तिळगूळ ठेवला. झाडलोट करणाऱ्या मावशींनाही आमच्यात बसवले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती बोलली. कित्येक महिने तिला नीट झोप नव्हती. आमच्यापैकी दोघी रजा टाकून तिच्यासोबत सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेल्या.

यावरून आम्ही तीन गोष्टी शिकलो. आडनाव, हुद्दा किंवा कपाळावरचे कुंकू पाहून कोणाला वगळू नये. गटात ऐकलेले बाहेर नेऊ नये. आणि मैत्रीण म्हणजे डॉक्टर नव्हे, हे विसरू नये. उदासी, निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांकडे जावे. २०२२ साली शासनाने सुरू केलेल्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आली, तर तिला क्षणभरही एकटे सोडू नये.

विद्यार्थिनींनो, उद्या तुम्हीही नोकरीला लागाल. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोण एकटी बसली आहे ते पाहा आणि आपला डबा घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसा.