वैद्यकीय विद्यार्थी आणि ग्राम आरोग्य कार्यकर्ती : जामखेडच्या संदर्भात

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर व अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन माता-बालकांच्या आरोग्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. देश-विदेशातील वैद्यकीय विद्यार्थी येथे शिकावयास येतात, तेव्हा त्यांना शिकविणाऱ्यांत या कार्यकर्तीही असतात, ही बाब विशेष लक्षणीय होय. कुष्ठरुग्ण उपचार का टाळतो, गरोदर सुनेच्या ताटात शेवटी काय उरते, हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही. ज्याला त्या घराचा उंबरठा मोकळा आहे त्यालाच ते कळते. पदवीने तो मोकळा होत नाही.

२०२१-२२ पासून एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम समाविष्ट झाला असून प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. (येथे ‘दत्तक’ नेमके कोण कोणास घेते, हा प्रश्नच आहे.) मात्र गावातील ‘आशा’ कार्यकर्तीस केवळ वाट दाखविणारी मानले, तर विद्यार्थी रक्तदाब मोजून परततील आणि वस्तीच्या टोकाची घरे यादीबाहेरच राहतील.