२० येनचा गोकू

१९८८ सालचं जपान. शाळेच्या वाटेवर गोळ्या-बिस्किटांचं दुकान आणि दुकानाबाहेर एक यंत्र. १० येनची दोन नाणी टाकायची, खटका फिरवायचा, की खालून एक पत्ता बाहेर येतो. कुठला येईल ते नशीब. आहे तोच पुन्हा आला तर वर्गातल्या कुणाशी तरी अदलाबदल करायची, नवा आला तर तो दप्तरातल्या वहीत जपून ठेवायचा. बांदाई कंपनीने त्या वर्षी बाजारात आणलेल्या या यंत्राचं आणि पत्त्यांचं नाव होतं ‘कार्डदास’. मराठी कानाला ते रामदास-तुलसीदासांच्या पंगतीतलं वाटेल, पण या दासाची भक्ती निव्वळ चिल्लरीवर होती.

चित्रांसाठी पोरांच्या खिशातली नाणी काढून घ्यायची विद्या जपानमध्ये त्याआधीच मुरलेली होती. १९७१ मध्ये कॅल्बी कंपनीने ‘कामेन रायडर’ या टीव्ही मालिकेच्या नावाने खाऊ काढला आणि पाकिटाबरोबर पत्ता दिला. मुलं पत्ता घेत आणि खाऊ फेकून देत. त्याचा इतका बोभाटा झाला की मोठ्यांनी डोक्याला हात लावला. ऐंशीच्या दशकात लोत्ते कंपनीच्या ३० येनच्या ‘बिक्कुरिमान’ चॉकलेटचं तेच झालं. स्टिकर खिशात, चॉकलेट कचऱ्यात. बांदाईने यातून सरळ हिशेब मांडला असावा: खाऊ कुणाला नकोच आहे, तर तो द्यायचाच कशाला?

याच यंत्रातून ‘ड्रॅगन बॉल’ बाहेर पडू लागला. अकिरा तोरियामा यांची ही चित्रकथा १९८४ पासून एका साप्ताहिकात चालू होती. शेपटीवाला गोकू हा तिचा नायक. चिनी ‘पश्चिमेची यात्रा’मधल्या वानरराजाच्या नावाचा जपानी उच्चार म्हणजे गोकू. १९८६ मध्ये ती टीव्हीवर आली आणि १९८९ मध्ये ‘ड्रॅगन बॉल झेड’ सुरू झाली. पत्त्यांचे भाग मालिकेच्या बरोबरीने निघत गेले. एका भागात साधारण ४२ पत्ते, त्यांतले ३६ साधे आणि ६ चमकते. चमकत्यांना ‘किरा’ म्हणत. त्यांची पार्श्वभूमी चंदेरी असे आणि पत्ता जरा कलता केला की तीवरून इंद्रधनुष्याचे तुकडे सरकत जात. साध्या पत्त्यांचा गठ्ठा रबर लावून खिशात फिरे. किराला कुणी रबर लावत नसे. तरीही ज्यांनी लावला, त्यांच्या पत्त्यांच्या कडेला पडलेली ती बारीक खाच आज संग्राहकांकडे किंमत पाडते.

चित्राइतकाच पत्त्यावरचा आकडा महत्त्वाचा होता. ‘बीपी’ म्हणजे लढण्याची ताकद. ही कल्पना मुळात कथेतलीच आहे. परग्रहावरून आलेले योद्धे डोळ्यावर ‘स्काउटर’ नावाची काच लावतात आणि समोरच्याचं बळ आकड्यात वाचतात. त्यांतला व्हेजिटा गोकूचा आकडा वाचतो आणि चिडून यंत्र मुठीत चुरडतो, तो प्रसंग इंग्रजी भाषांतरातल्या ‘नऊ हजारांच्या वर’ या वाक्याने पुढे जगभर थट्टेचा विषय झाला. मूळ जपानीत मात्र आकडा आठ हजारांचा आहे. पुढे फ्रीझा हा खलनायक येतो आणि आपलं बळ ५ लाख ३० हजार असल्याचं थंडपणे सांगतो. त्यानंतर आकड्यांचा उपयोगच संपतो. योद्धे बळ लपवायला शिकलेले असतात, स्काउटर फुटत राहतात आणि तोरियामा आकडेमोड गुंडाळून ठेवतात. लेखकाने सोडलेली ही खोड पत्त्यांनी मात्र सोडली नाही, कारण मधल्या सुट्टीत दोन पत्ते समोरासमोर ठेवल्यावर भांडण मिटवायला आकडाच लागतो.

ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गेलं, त्यांना हे समजावून सांगायला नको. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर पैलवानाचं वजन, उंची, छाती, दंड असे सगळे आकडे असत. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता न्यायचा. तिथे वाद नसे, कारण छापलेल्यापुढे बोलणार काय?

पण छापलेला आकडा हा जरा निर्दय प्रकार आहे. ज्याच्याकडे २० येन जास्त, त्याचा गोकू जास्त ताकदवान. ही कोंडी फुटली ती बटणांमुळे.

डिसेंबर १९९२ मध्ये बांदाईने निंटेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी ‘डेटॅच’ नावाचा एक जोड काढला. आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जी कॅसेटवाली यंत्रं घरोघरी आली, त्यांतली बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. डेटॅच फॅमिकॉमच्या डोक्यावर बसे. त्यात एक छोटी कॅसेट घालायची आणि शेजारच्या फटीतून पत्ता ओढायचा. पत्त्यावर किराणा मालावर असतो तसा बारकोड. यंत्राने तो वाचला की त्या पत्त्यावरचा योद्धा पडद्यावर हजर. पहिला खेळ ड्रॅगन बॉल झेडच्या कुस्तीचा होता. खिशातला पत्ता हातपाय हलवू लागला ही त्यातली मजा, तर पत्ता एकदोनदा वाकडा ओढला की यंत्र ढिम्म, ही सजा. डेटॅचसाठी एकूण सातच खेळ निघाले आणि प्रकरण तिथेच थांबलं.

खरा धमाका झाला तो २० मार्च १९९३ रोजी फॅमिकॉमच्या पुढच्या पिढीच्या यंत्रावर, सुपर फॅमिकॉमवर, आलेल्या ‘सुपर बुतोदेन’चा. ‘स्ट्रीट फायटर टू’ने तेव्हा सगळ्या जगाला समोरासमोरच्या मारामारीचं वेड लावलं होतं. बुतोदेन बनवला तोसे या क्योतोच्या कंपनीने. दुसऱ्यांच्या नावाने खेळ बनवायचे आणि स्वतःचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, अशी या कंपनीची ख्याती आहे. पडद्यामागच्या या कारागिरांपुढे अडचण वेगळीच होती. स्ट्रीट फायटरमध्ये दोन खेळाडू एका पडद्यात मावतात. ड्रॅगन बॉलमधले लढवय्ये उडतात, अर्धा डोंगर पलीकडे जातात आणि तिथून हातातून उजेडाचे लोळ फेकतात. ते एका चौकटीत बसवायचे कसे?

त्यांनी पडदाच चिरला. दोघं लांब गेले की मधोमध एक रेघ येते. डावीकडे एकजण, उजवीकडे दुसरा, आणि कुणी हवेत, कुणी जमिनीवर. एकाने ‘कामेहामेहा’ नावाचा असा लोळ सोडला की तो रेघ ओलांडून दुसऱ्याच्या अंगावर येतो आणि समोरच्याला तो परतवायला, अडवायला किंवा चुकवायला क्षणभरच मिळतो. टीव्हीवर हाच लोळ सोडायला अर्धा भाग खर्ची पडे, त्या मानाने ही बचतच म्हणायची. आणि इथे आकडा आडवा येत नाही. ज्याचा अंगठा चपळ, तो किरकोळ योद्धा घेऊनही फ्रीझाला लोळवतो. थोरल्या भावाच्या चमकत्या पत्त्यांचा वचपा धाकट्याने काढायची ही जागा होती.

जपानबाहेर या खेळाला सगळ्यात मोठा आसरा फ्रान्सने दिला. तिथे ‘क्लब दोरोते’ या मुलांच्या कार्यक्रमातून ड्रॅगन बॉल १९८८ पासून दिसत होता, तर अमेरिकेत तेव्हा त्याची ओळखही नव्हती. त्यामुळे बुतोदेनचे खेळ फ्रेंच नावांनी निघाले. दुसऱ्या भागाचं ‘ला लेजांद सायेन’ असं बारसं झालं. १९९६ मध्ये आलेल्या ‘हायपर डायमेन्शन’ या सुपर फॅमिकॉमवरच्या शेवटच्या ड्रॅगन बॉल कुस्तीतून तर फ्रेंच आवृत्तीत कथेचा भागच गाळला. पूर्ण खेळ हवा असणारे आजही जपानी कॅसेट शोधतात.

पत्ता आणि यंत्र यांची सोयरीक पुढे पुन्हा जुळली. २०१० मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन बॉल हीरोज’मध्ये मुलं पत्ते टेबलावर सरकवून लढू लागली. पण जुन्याची ओढ वेगळीच. मार्च २०२४ मध्ये तोरियामा वयाच्या ६८व्या वर्षी गेले, तेव्हा अनेकांनी माळ्यावरचे डबे खाली काढले असतील.

त्यात ‘सुपर बुतोदेन २’ची करडी कॅसेट निघाली, तर ती लावल्यावर निवडायला आठ चेहरे येतात. गोहान आहे, व्हेजिटा आहे, सेल आहे. गोकू नाही. कथेत तो तेव्हा मेलेला असतो. मग सुरुवातीची चित्रं चालू असताना वर, एक्स, खाली, बी, एल, वाय, आर, ए अशी बटणं चटाचट दाबायची. बरोबर दाबली तर स्पीकरमधून ब्रॉली या योद्ध्याची गोकूच्या जन्मनावाने मारलेली चिरकी हाक येते, ‘काकारोत्तो!’, आणि हे दोघं मिळून आठाचे दहा होतात.