वावटळीची उडी

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथून लोकल गाडीने उभ्याने प्रवास करणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. गाडी एकाएकी थांबली, की गुडघे ताठ ठेवून उभा असलेला प्रवासी तोल जाऊन पुढच्यावर आदळतो. गुडघे किंचित वाकवून उभा असलेला मात्र सावरतो. चिनी युद्धकलेतील एका अवघड उडीचे मर्म याच अनुभवात आहे.

या युद्धकलेस ‘वूशू’ म्हणतात. १९९० साली बीजिंग येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांपासून तिला त्या स्पर्धांत स्थान मिळाले. तिच्यातील एका उडीस चिनी लोकांनी ‘वावटळीचा पाय’ या अर्थाचे नाव दिले आहे. खेळाडू पाऊल टाकून उसळी घेतो, हवेत डावीकडे गिरकी घेतो आणि त्याच वेळी उजवा पाय बाहेरून आत फिरवून त्याचा तळवा चेहऱ्यासमोर धरलेल्या डाव्या तळहातावर मारतो. टाळीसारखा आवाज उमटतो. तो स्पष्ट आला, की पाय पुरेसा उंच गेला व योग्य क्षणी पोहोचला, असे समजावे.

ही गिरकी येते कोठून? हवेत गेल्यावर रेटा देण्यास आधारच उरत नाही. म्हणून फिरण्याची गती पाय जमिनीवर असतानाच मिळवावी लागते. मग पसरलेले हात शरीराजवळ घेतले, की तीच गिरकी अधिक वेगाने पूर्ण होते. कुशल खेळाडू एका उडीत दोन पूर्ण फेरेही घेतात.

अशी उडी पाहिली, की ती लगेच करून पाहण्याचा मोह होतो. परंतु शिकण्याचा क्रम निराळा आहे. प्रथम पायांचे स्नायू ताणून लवचीक करावयाचे; मग जागच्या जागी उभे राहून पाय अर्धवर्तुळात फिरवावयाचा. त्यानंतर उडी न मारता, केवळ पावले टाकून गिरकी व टाळी साधावयाची. हे सर्व बिनचूक जमू लागले, म्हणजे लहानशी उडी.

सर्वांत कठीण भाग शेवटी येतो, तो म्हणजे उतरणे. वरून येणाऱ्या शरीराची गती एका क्षणात थांबली, तर तिचा सारा धक्का घोटा व गुडघा यांना बसतो. पाय वाकवून उतरल्यास तीच गती थोड्या अधिक वेळात ओसरते व धक्का सौम्य होतो. म्हणून घोड्यावर बसल्याप्रमाणे गुडघे वाकवून ठाण मांडण्याचा सराव विद्यार्थ्यांकडून आरंभापासूनच करून घेतात. स्पर्धेतही उतरताना पाऊल ढळले, तर गुण कापले जातात.

आपल्या महाराष्ट्रातील मल्लखांबाची शिस्तही अशीच आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येस नवे जीवन दिले. तिच्यातही साध्या अढीवर पकड बसल्याखेरीज शिष्यास उड्यांकडे जाऊ देत नाहीत. गुरूवाचून, घराच्या कठीण गच्चीवर अशी उडी मारून पाहणारा मुलगा धाडसी नव्हे, अविचारी होय. एका क्षणाच्या हौसेपायी दुखावलेला गुडघा पुष्कळ दिवस खेळापासून दूर ठेवतो. ज्यास नीट उतरता येते, त्यानेच उंच उडावे.