गळाचं गणित, लेखांक १४ : आर्वीहून आलेला प्रश्न

गाठींबद्दल आज लिहिणार होतो. ते पुढच्या रविवारी. आर्वीच्या एका वाचकांनी पत्रातून विचारलेला प्रश्न आठवडाभर डोक्यातून गेलाच नाही. त्यांचा मुलगा क्लीव्हलँडला, ईरी सरोवराच्या काठी राहतो. लहानपणी वर्धा नदीवर गळ टाकायचा, आता तिथे स्मॉलमाउथ बासच्या मागे लागलाय. पण इथून नेलेल्या जाड तंगुसाला मासा तोंडच लावत नाही.

तिथे हा मासा 'ड्रॉप शॉट'ने धरतात. आपण शिसं गळाच्या वर बांधतो. ते लोक सगळ्यात खाली बांधतात आणि गळ त्याच्या हातभर वर. शिसं तळाला टेकतं, आमिष अधांतरी थरथरत राहतं. ईरीचं पाणीही नितळ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस झेब्रा शिंपले तिथे आले आणि पाणी गाळून खाता खाता त्यांनी ते आणखीच निवळवलं. अशा पाण्यात जाड तंगूस माशाला लांबूनच दिसतो.

पण माझ्या मते या नायलॉनच्या तंगुसाची खरी अडचण दिसण्याची नाही, ताणण्याची आहे. तो पाणी पितो, पाव हिस्स्यापर्यंत लांबतो, आणि तीस फुटांवर माशाने दिलेली टिचकी बोटापर्यंत येईस्तोवर विरून जाते. वेणीसारखा विणलेला ब्रेडेड दोरा जवळजवळ लांबतच नाही. माशाने हुंगलं तरी कळतं. मात्र तो पाण्याहून हलका, तरंगणारा आणि आरपार न दिसणारा. म्हणून शेवटचे सहा-आठ फूट फ्लुरोकार्बनचे जोडायचे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याच्या जितका जवळ, तितका दोरा पाण्यात कमी उठून दिसतो. शिवाय फ्लुरोकार्बनची घनता पाण्याच्या पावणेदोन पट, त्यामुळे तो बुडतो. तेव्हा मुलाला कळवा: रिळावर दहा पौंडी ब्रेडेड, पुढे सहा ते आठ पौंडी फ्लुरोकार्बन.

नायलॉनच्या जन्मसालाचं मला नेहमी नवल वाटतं. ड्यूपाँने ते जगापुढे आणलं ऑक्टोबर १९३८ मध्ये. त्याच वर्षी ३० डिसेंबरला गांधीजींनी आपल्या वर्ध्यात मगन संग्रहालय उघडलं, खादीचं आणि ग्रामोद्योगाचं. नायलॉन येण्याआधी युरोपातले गळवाले गळाजवळचा तुकडा रेशीमकिड्याचा वापरत. स्पेनमधल्या मुर्सियात कोश विणायच्या बेतात आलेला किडा शिरक्यात मुरवून त्याची रेशीमग्रंथी हाताने ओढून लांबवत. तोच तो तुकडा. आणि आपल्या पूर्व विदर्भात टसरचे किडे पाळतो तो समाज कोणता? ढीवर. मासे धरणाराच. या दोन धाग्यांवर एक अख्खा लेखांक लिहायचा आहे, लिहीनच.

आता घरचं. येळाकेळीला धाम नदीच्या काठी फ्लुरोकार्बनची चैन नको. पावसाळ्यानंतर पाणी गढूळ, तळाला काळा खडक. तिथे ०.३० मिलिमीटरचा नायलॉन पुरतो; थोडा लांबतो म्हणून मोठ्या रोहूचा हिसकाही सोसतो. त्याचा खरा वैरी आपलं ऊन. मे महिन्यात माझं एक रीळ स्कूटरच्या हँडलला पंधरा दिवस लटकत राहिलं. जूनमध्ये पहिलाच मासा लागला आणि तंगूस मधूनच तुटला. मासा गळ घेऊन गेला, त्याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून दर वेळी शेवटचे दोन हात तंगूस ओल्या चिमटीतून ओढून बघतो. कुठे खरखरला, पांढुरका दिसला, की तेवढा कापतो. कापलेला तुकडा खिशात घालून घरी आणतो, काठावर टाकत नाही. बगळ्याच्या पायाला गुंडाळलेला तंगूस मी स्वतः सोडवला आहे.

एक गोष्ट मात्र गाठींच्या लेखाची वाट न पाहता सांगतो: गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घासून तापते आणि तंगूस तिथेच कच्चा होतो. फ्लुरोकार्बनला तर हे जास्तच लागू. पालोमार गाठ पुढच्या रविवारी, आकृतीसह.