अभ्यंगस्नानाचे पाणी जाते कुठे?

नरकचतुर्दशीची पहाट. पाटाभोवती रांगोळी रेखलेली, न्हाणीघरात बंब पेटलेला आणि साऱ्या घरभर सुगंधी तेलाचा दरवळ. तेल अंगात मुरले की उटणे लावायचे, कढत पाण्याने न्हायचे आणि पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडायचे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, चंदन यांच्या त्या भुकटीचे गुण आपण दरवर्षी वाचतो. त्या स्नानाच्या पाण्याचे पुढे काय होते, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

आमच्या लहानपणी न्हाणीचे पाणी पन्हळीवाटे परसातील अळूच्या आळ्यात जाई. उटण्याचा गाळ तेथेच बसे आणि थोड्याच दिवसांत मातीशी एकरूप होई. वनस्पतीचे चूर्ण ते. मातीतील सूक्ष्म जीव त्याचा फडशा पाडीत.

पुढे उटण्याच्या जागी नळीतून येणारा सुवासिक लेप आला. चेहऱ्यावर चोळताना बोटांना जे बारीक कण लागत, ते पुष्कळदा पॉलिएथिलीनचे, म्हणजे पिशव्यांच्याच प्लॅस्टिकचे मणी असत. अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीपेक्षा हे मणी गुळगुळीत, एकसारखे आणि स्वस्त. म्हणून उत्पादकांना ते प्रिय झाले. कॅनडातील दोन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच याविषयी इशारा दिला होता, पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली काही लेप गाळून त्यांतील मणी मोजले. एका वेळच्या वापरात ४,५९४ पासून ९४,५०० पर्यंत मणी मोरीतून वाहून जाऊ शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका चेहऱ्याचे हे एका वेळचे धुणे!

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत यांतील बहुतेक कण गाळात अडकतात. परंतु तो गाळ खत म्हणून शेतात गेला की कणही शेतात जातात. उरलेले नदीत आणि नदीतून समुद्रात. जेथे सांडपाणी तसेच ओढ्यात सोडले जाते, तेथे मधला अडसरही नाही. पॉलिएथिलीन पाण्याहून हलके असल्याने कण तरंगतात, पाण्यातील डीडीटीसारखी विषारी द्रव्ये त्यांना चिकटतात, आणि मासे व शिंपले त्यांना अन्न समजून गिळतात.

अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांतील असे मणी बंद करविले. ब्रिटनने जानेवारी २०१८ पासून त्यांचे उत्पादन थांबविले. भारतीय मानक ब्यूरोनेही २०१७ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत वापरू नयेत अशा पदार्थांत त्यांची गणना केली. युरोपीय संघाचा २०२३ चा नियम अधिक व्यापक आहे. त्यात प्लॅस्टिकची सुटी चमकीही आली. ओठांच्या व नखांच्या प्रसाधनांना मात्र त्याने २०३५ पर्यंत मुदत दिली. सौंदर्यापुढे कायद्यालाही थोडे नमते घ्यावे लागते, असेच म्हणायचे!

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, समुद्रात जाणाऱ्या सूक्ष्म प्लॅस्टिकमध्ये प्रसाधनांचा वाटा लहान आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१७ च्या अहवालात तो सुमारे २ टक्के धरला आहे. कृत्रिम वस्त्रांचे धागे आणि वाहनांच्या टायरांची झीज यांचा वाटा कितीतरी मोठा. पण कपडे आणि टायर यांवाचून आज कोणाचे चालत नाही. हे मणी तर वाहून जाण्यासाठीच बनविलेले होते.

मणी गेले तरी बहुवारिके गेलेली नाहीत. केस बसविणारी फवारणी, शांपू, मलमे यांत ती विरघळलेल्या वा जेलीच्या रूपात असतात. पाण्यात विरघळणारी बहुवारिके युरोपच्या नियमातूनही वगळलेली आहेत. ती डोळ्यांना दिसत नाहीत, गाळणीत सापडत नाहीत, आणि त्यांतील अनेकांचे निसर्गात लवकर विघटन होत नाही.

दिवाळीच्या खरेदीत एखादी नळी हाती आलीच, तर तिच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचावीत. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन-१२ ही नावे घन कणांची. कार्बोमर, अ‍ॅक्रिलेट्स, पॉलिक्वाटर्नियम ही दुसऱ्या प्रकारची. काष्ठौषधींच्या दुकानात उटण्याचे जिन्नस आजही सुटे मिळतात, आणि जुना दुकानदार असेल तर ते कागदाच्या पुडीत बांधून देतो.