दूरचा पडदा का अडखळतो?

आमच्या प्रयोगशाळेतला मोठा संगणक वापरणारे विद्यार्थी हल्ली आपापल्या गावी बसूनही काम करतात. घरच्या संगणकावर ब्राउझर उघडला की त्यात इथला पडदा दिसतो. वेगळे काही बसवावे लागत नाही. तक्रार एकच: माउस हलवला तरी बाण मागाहून येतो. सुधारणेचा विषय निघताच जास्त वेगाची जोडणी घ्यावी, अशी सूचना आली. पैसे मोजण्याआधी आम्ही कागद-पेन्सिल घेतली.

पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रे म्हणजे जवळजवळ १९ कोटी बाइट! पण एवढे कोणी पाठवत नाही. आम्ही वापरतो ती व्हीएनसी पद्धत १९९० च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. तीत पडद्याचा बदललेला आयतच तेवढा पाठवतात. एक अक्षर उमटले, २० गुणिले २० ठिपके बदलले, तर १२०० बाइट पुरतात. मग जोडणी रुंद करून काय साधणार?

खरा उशीर विचारण्यात होता. मूळ पद्धतीत जवळचा संगणक 'काय बदलले?' असे विचारतो, तेव्हाच दूरचा उत्तर देतो; ते मिळाले की पुढचा प्रश्न. विहिरीवरच्या पोहऱ्यासारखे हे आहे. तो वर आल्याशिवाय पुन्हा सोडता येत नाही. पोहरा मोठा केला तरी मिनिटाला फेऱ्या तेवढ्याच. जाऊन येण्यास १०० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला फार तर १० वेळा पडदा बदलेल.

म्हणून दोन सुधारणा आधी करायचे ठरले. दूरच्या संगणकाने न विचारता बदल पाठवत राहावे. मात्र समोरच्याला किती पेलते याचा अंदाज घेत, नाहीतर वाटेतच रांग लागते. आणि बाणाचा आकार एकदाच मागवून तो घरच्या संगणकानेच काढावा. या दोन्ही सोयी व्हीएनसीच्या पुढच्या विस्तारांत आहेतच, त्या आमच्या जोडणीत आणायच्या एवढेच.

ब्राउझरची एक अडचण मात्र आम्हाला सुचलीच नव्हती. टर्मिनलमध्ये मागचा शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू दाबतात. एका विद्यार्थिनीने तेच केले आणि पानच बंद झाले, कारण ब्राउझरने ती आज्ञा स्वतःसाठी घेतली! इकडे तिचे गणित सुरूच होते, म्हणून निभावले. पूर्ण पडदा व्यापल्यावर काही ब्राउझर अशा कळा पुढे पाठवू देतात, सगळे नाही. तोवर पान बंद होण्याआधी 'खरेच बंद करू का?' असे विचारणे, एवढे तरी करायलाच हवे.

फेरीचा वेळ वर्गातही मोजता येतो. संगणकावर 'पिंग' ही आज्ञा देऊन पुढे एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहा. उत्तर आलेच तर ते मिलिसेकंदांत मिळेल. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, हे मुलांना सांगून ठेवा. उत्तर १० मिलिसेकंदांत आले, तर ते देणारे यंत्र १००० किलोमीटरच्या आतच असले पाहिजे. मग ते परदेशात कसे असेल?