हलक्या धातूचें कवच



खानदेशांतील दोंडाईचा हें मिरचीच्या बाजारपेठेबद्दल नांवाजलेलें गांव. अशा बाजाराच्या गांवीं गोदामांवर जे पन्हळी पत्रे दिसतात ते असतात लोखंडाचे. पण आपण त्यांस जस्ती पत्रे म्हणतों, कारण त्यांवर जस्ताचा पातळ थर चढविलेला असतो. स्वयंपाकघरांतल्या तांब्यापितळेच्या पातेल्यांना कथलाची कल्हई करण्याची रीतहि आपल्या परिचयाची. पृष्ठभाग बदलला कीं धातूचें आयुष्य बदलतें, हें ज्ञान आपल्या घरांत असें फार दिवसांपासून नांदत आलें आहे. आज त्यांतील एका अवघड प्रकरणाकडे वळूं. मॅग्नेशियम हा धातु झिजून जाऊं नये म्हणून काय करतात?

मॅग्नेशियम प्रथम वेगळें काढलें तें हंफ्रे डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें, 1808 सालीं. त्याचा मोठा गुण हलकेपणा. तें पाण्याच्या 1.74 पट जड, ॲल्युमिनियम 2.7 पट, आणि लोखंड 7.87 पट. म्हणजे लोखंडाची जी वस्तु साडेचार किलो भरेल, तीच तेवढ्याच आकाराची मॅग्नेशियमची केली तर एक किलोच्या आसपास भरेल. नाशिकजवळ ओझर येथें 1964 सालापासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. विमानांच्या धंद्यांत वजनाचा हिशेब किती काटेकोर असतो, हें तेथील कामगारांस सांगावयास नको. विमानांच्या व हेलिकॉप्टरांच्या दंतचक्रांच्या पेट्यांत आणि चाकांत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंना जुनें स्थान आहे, तें याच गुणामुळें.

मग हा धातु सर्वत्र कां दिसत नाहीं? कारण पाणी आणि मीठ यांच्यापुढें तो फार दुबळा आहे. हें दुबळेपण समजण्यासाठीं पुन्हा जस्ती पत्र्याकडे यावें. पत्र्यावर ओरखडा पडला, तरी उघड्या पडलेल्या लोखंडास लगेच गंज चढत नाहीं. लोखंड व जस्त ओलाव्यांत एकत्र आले कीं त्यांची एक लहानशी विद्युत्‌-घटमाला बनते. तींत जस्त स्वतः झिजतें आणि लोखंड वांचतें. दोन धातूंपैकीं जो अधिक उतावीळ, तो आधीं झिजतो, असा हा नियम आहे.

या उतावीळपणांत मॅग्नेशियम जस्ताच्या पुष्कळ पुढें आहे. म्हणूनच पोलादी टाकीच्या गीझरमध्यें मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. ती झिजते आणि टाकी टिकते. कांडी संपली, कीं टाकीची पाळी येते. गीझर दुरुस्तीस येणाऱ्या कारागिरास ती कांडी तपासावयास सांगणें, हें म्हणून शहाणपणाचें.

परंतु इतरांना वांचविणाऱ्या या धातूस वांचविणार कोण? त्याहून उतावीळ धातु आहेत. पण सोडियमसारखे ते पाण्यांत टिकतच नाहींत. उलट त्यावर निकलचा मुलामा दिला आणि त्यांत सुईच्या टोकाएवढें छिद्र राहिलें, तर त्या छिद्राखालीं मॅग्नेशियम अधिकच वेगानें पोखरलें जातें. जस्ती पत्र्याची युक्ति येथें उलटी पडते. मॅग्नेशियमला संरक्षण द्यावयाचें तर त्याच्याच अंगांतून कवच उत्पन्न केलें पाहिजे.

ॲल्युमिनियम हें काम आपण होऊन करतें. हवेंत त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा दाट पापुद्रा बसतो, कारण 100 घनमान धातूपासून सुमारें 128 घनमान ऑक्साइड होतें. मॅग्नेशियमचें तसें नाहीं. त्याच्या 100 घनमानांतून 81 घनमानच ऑक्साइड मिळतें. अंगापेक्षां सदरा आंखूड! शिवाय ओलाव्यांत जो पापुद्रा बनतो, तो क्षारयुक्त पाण्यांत फाटतो आणि किंचित्‌ आंबट पाण्यांत विरघळतो.

यावर पहिला उपाय धातूच्या शुद्धतेचा. 1942 सालीं अमेरिकेंत हॅनावॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं लोखंड, निकल व तांबें यांचा अंश एका मर्यादेपलीकडे गेला, कीं झीज एकदम वाढते. आज प्रचारांत असलेल्या एका मिश्रधातूंत सुमारें 9 टक्के ॲल्युमिनियम असतें. परंतु निकल 0.002 टक्क्यांहून अधिक चालत नाहीं. धातु अशुद्ध असेल, तर वरचा लेप कितीहि चांगला असला तरी व्यर्थ.

दुसरा उपाय रासायनिक. वस्तु स्वच्छ करून क्रोमेटच्या द्रावणांत बुडविली, म्हणजे पृष्ठावर पातळ संरक्षक थर तयार होतो. ही रीत दीर्घ काळ चालली व उपयोगीहि ठरली. पण तींतील सहा संयुजेचें क्रोमियम कर्करोगास कारण होतें. तें हौदावर काम करणाऱ्याच्या श्वासांत जातें आणि सांडपाण्याबरोबर नदीनाल्यांतहि. युरोपीय संघानें 2017 च्या सप्टेंबरपासून क्रोमियम ट्रायॉक्साइडचा वापर खास परवान्यावांचून बंद केला. एका धातूचें आयुष्य वाढविण्यासाठीं माणसाचें आयुष्य घटवावें, हा व्यवहार कोणासहि परवडणारा नव्हे.

तिसरा उपाय विजेचा. सिलिकेट किंवा फॉस्फेट असलेल्या अल्कधर्मी द्रावणांत वस्तु टांगून तिला धन अग्राशीं जोडतात आणि विजेचा दाब कांहींशें व्होल्टांपर्यंत चढवितात. पृष्ठावर असंख्य बारीक ठिणग्या नाचूं लागतात. प्रत्येक ठिणगीपाशीं ऑक्साइड क्षणभर वितळतें आणि पुन्हा थिजतें. त्यांतून चिनी मातीसारखें कठीण कवच तयार होतें, आणि तें धातूशीं एकजीव असतें. त्यांत सूक्ष्म छिद्रें मात्र राहतात. तीं राळेनें किंवा रंगानें भरून घ्यावीं लागतात. तें न केल्यास खारट पाणी त्याच वाटेनें आंत शिरतें.

एवढें करूनहि अशा वस्तूंत उघडा पोलादी बोल्ट ठोकला, तर पुन्हा तीच घटमाला सुरू होते. म्हणून मधें ॲल्युमिनियमची चकती घालतात, आणि पाणी साचेल असे कोपरे घडणीच्या वेळींच टाळतात.

यांपैकीं कोणत्याहि उपायापूर्वीं एक काम असतें, तें म्हणजे पृष्ठाची सफाई. तेलाचा अंश किंवा जुन्या ऑक्साइडचा डाग राहिला, तर तेथें कवच नीट धरत नाहीं. कल्हईवालाहि कथील फिरविण्यापूर्वीं नवसागर टाकून भांडें घासतो, तें याचसाठीं. चकाकणारी वस्तु पुढें ठेवली असतां ही सफाई डोळ्यांना दिसत नाहीं. ती झाली होती कीं नाहीं, याचा निकाल पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत लागतो. म्हणून हलक्या धातूची वस्तु विकत घेतांना तिचें वजन व झळाळी यांबरोबरच तिच्यावर कोणती क्रिया केली आहे, याचीहि चौकशी ग्राहकानें अवश्य करावी.